दोन्ही गुडघे पोटाशी

आष्टीला माझी बदली झाली तेव्हा घरमालकांनी खोली दाखवली, नळ दाखवला, विजेचं मीटर दाखवलं आणि शेजारच्या दाराकडे बोट करून म्हणाले, "म्याडम, गजर बिलकुल लावू नका. गयाबाई हाय."

ते खरंच होतं. रोज सकाळी सहाच्या सुमाराला गयाआत्या ओट्यावर उभी राहून आठ बायकांची नावं घ्यायची. हाका मारायची नाही, नुसती नावं घ्यायची, एकामागून एक. आठवं नाव संपेपर्यंत पहिली बाई डबा घेऊन दारात हजर. मी वीस वर्षं शाळेत हजेरी घेते आहे, माझ्या वर्गात असं एकदाही घडलेलं नाही.

गयाआत्या खुरपणीच्या आणि कापूस वेचणीच्या टोळीची मुकादमीण होती. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. नेमकं तिलाही ठाऊक नव्हतं. आधार कार्डावर एक जानेवारी होती, आमच्या शाळेतल्या निम्म्या आजी-आजोबांची असते तशी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन्ही मुली लांब दिलेल्या, घरात एकटी. बापाची मेंढरं होती, त्यामुळे लहानपण मेंढरांमागे चालण्यात गेलं. पुढे मेंढरं गेली, चालणं तेवढं राहिलं. रान तीन कोसांवर असलं तरी ती टोळीच्या पुढे पायी निघायची. शेतमालक ट्रॅक्टर पाठवतो म्हणाला तर बाकीच्या बायका चढायच्या आणि ही खालून ओरडायची, "व्हा तुम्ही, मी आलेच!" आणि खरंच फार मागे राहायची नाही.

तिच्या टोळीचा एक नियम होता. कापसाच्या रानात प्रत्येकीला एक पात नेमून दिलेली असते, म्हणजे झाडांची एक ओळ. जिची पात मागे पडेल तिच्यासाठी पुढे गेलेल्या बायकांनी उलटं फिरायचं आणि समोरून वेचत यायचं, मगच सगळ्यांनी मिळून बांधावर टेकायचं. इतर टोळ्यांतही कधीमधी हे करतात. गयाआत्याकडे त्याला सुटका नव्हती. आणि हा नियम तिनं रानापुरता ठेवला नव्हता. कुणाकडे लोणचं आलं तर नऊ वाटे. एकीला तालुक्याला जायचं असलं तर दुसरीनं तिची म्हैस बघायची. एकदा तिला ताप आला म्हणून मी सहा गोळ्यांची पट्टी दिली. दुसऱ्या दिवशी विचारलं तर पट्टी रिकामी.

"एक म्या घेतली. एक कौसाच्या गुडघ्याला दिली, एक चंद्रकलाच्या कमरेला..."

"अहो आत्या, तापाच्या गोळ्या होत्या त्या!"

"मंग? त्यांचंबी अंगच दुखून राह्यलं की."

हा किस्सा मी शाळेत सगळ्यांना रंगवून सांगितला होता. मुख्याध्यापकांना हसून हसून ठसका लागला. आता तो सांगायचं मला धाडस होत नाही.

त्या वर्षीच्या वेचणीत तिचं बिघडलं. रानाच्या वाटेवर ती मध्येच खाली बसायला लागली. आधी ओढ्याच्या पुलापाशी, मग मारुतीच्या देवळापाशी, मग पिठाच्या गिरणीपाशीच. कमरेतून कळ निघायची, दोन्ही मांड्या भरून यायच्या, पावलं बधिर व्हायची. उकिडवं बसलं की दोन-चार मिनिटांत सगळं ओसरायचं. उठून शे-दोनशे पावलं गेली की पुन्हा तेच.

चमत्कारिक गोष्ट अशी, की रानात तिला काही होत नसे. कमरेत वाकून दिवसभर वेचायची, कळ नाही की मुंग्या नाहीत. घरी परतताना पुन्हा दर शंभर पावलांना बैठक. गावानं यातून जे काढायचं ते काढलं. रानात चालते आणि रस्त्यावर चालत नाही, म्हणजे ट्रॅक्टर हवाय. एक शेतमालक तर चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाला, "गयाबाई, रानात बरी हरणावानी पळती तू!" गयाआत्या उलट बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हती, पण त्या दिवशी ती पदर सावरून घराकडे वळली. संध्याकाळी माझ्या दारात येऊन बसली.

"म्याडम, तुम्ही शिकलेल्या. खरं सांगा. माणूस सोताच्या नकळत सोंग करतं का?"

मी तिला त्याच आठवड्यात जालन्याला नेलं. नव्या जालन्यात स्टेशनच्या अंगाला हाडांचे एक डॉक्टर होते. त्यांनी मणक्याचा मोठा फोटो काढायला लावला, तो दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "आजी, वाकून काम करताना दुखतं?"

गयाआत्यानं मान खाली घातली. चोरी पकडल्यासारखा चेहरा. "न्हाई."

"आणि ताठ उभं राहून चाललं की दुखतं. खाली बसलं की थांबतं."

"व्हय."

"बरोबर आहे. असंच असतं." त्यांनी समजावून सांगितलं. मणक्याच्या आतून जी नळी जाते, जिच्यातून पायाच्या शिरा येतात, ती वयानं अरुंद झाली आहे. ताठ झालं की आणखी आवळते, पुढे वाकलं की जराशी सैल होते.

"म्हंजी हे खोटं न्हाई?"

"खोटं कसं? हे बघा ना, फोटोत दिसतंय."

एवढ्यावर ती तिथंच, स्टुलावर बसल्या बसल्या, पदर तोंडाला लावून रडली. डॉक्टर भांबावले. त्यांना वाटलं, आजी घाबरल्या. मला आतून इतकं बरं वाटलं होतं की मी उगाचच त्या फोटोच्या पिशवीची घडी करत बसले.

ऑपरेशनचं त्यांनी लगेच काढलं नाही. आधी तीन महिने व्यायाम करून बघू म्हणाले आणि शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं व्यायाम शिकवणारी एक तरुण मुलगी होती. तिनं आत्याला पाठीवर झोपवलं. एक गुडघा पोटाशी घ्यायचा, दहा मोजायचे. मग दुसरा. मग दोन्ही गुडघे पोटाशी. मग गुडघे मोडून कंबर जमिनीला टेकवायची. मग स्टुलावर बसून पुढे वाकायचं, हात जमिनीला. चालताना कळ येण्याची वाट बघायची नाही, आधीच बसायचं, पुन्हा उठायचं. मुलगी सरळ बोलणारी होती. "आजी, नळी काही रुंद होणार नाही. पण पोट-कमरेत ताकद आली की त्रास कमी होईल, चालणं टिकेल. रोज करायचं. सोडलं की गेलं."

निघताना दारात तिनं मला आणखी एक वाक्य सांगितलं, "मॅडम, हे फक्त यांच्यासाठी हं. दुसऱ्या कुणाच्या कंबरदुखीला हे चालेलच असं नाही." मी मान हलवली. गाडी गाठायची घाई होती.

आत्याला वाचता येत नव्हतं म्हणून मी वहीच्या दोन पानांवर व्यायामांची चित्रं काढली. काडीचे हातपाय, गोल डोकं. तिनं ती लांब धरून, जवळ धरून पाहिली.

"हिला लुगडं न्हाई व्हय?"

"आत्या, हे नुसतं समजण्यासाठी आहे."

"समजलं की. पन उघडी बाई भिताडाला कशी लावू? कुनी आलं-गेलं तर?"

मग मी पाचही बायकांना लुगडी नेसवली. लुगडं नेसवल्यावर पाय कुठे वाकलाय ते दिसेना, तेव्हा गुडघ्यावर लाल पेन्सिलीनं टिंब दिलं. तिनं ती पानं आतल्या खोलीत, देवाच्या फोटोखाली डकवली आणि दुसऱ्या दिवसापासून दार लावून सुरू केलं. पहाटे तिच्या घरातून मोजण्याचा आवाज यायचा. दहाच्या पुढे तिला आकडे येत होते, तरी प्रत्येक वेळी दहाला थांबून "बराबर" म्हणायची. गल्लीचा गजर त्या दिवसांत पंधरा मिनिटं उशिरा वाजू लागला.

पहिल्या महिन्यात काही नाही. मीच कंटाळले, ती कंटाळली नाही. "नांगरल्या दिशी पीक येतं का?" एवढंच म्हणायची. दुसऱ्या महिन्यात ती गिरणी ओलांडून गेली. मग देवळापर्यंत. एका रविवारी मला हाताला धरून बाहेर काढलं. "चला माझ्या संगं. मोजा, कितींदा बसती." आम्ही ओढ्याच्या पुलापर्यंत गेलो. ती एकदाही बसली नाही. पुलावर कठड्याला हात टेकून, किंचित वाकून उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत सुटली, "म्याडमला इचारा! म्याडमनं मोजलंय!" त्या टपरीवरच्या शेतमालकाला तर तिनं मोटरसायकलवरून खाली उतरवून ऐकवलं. माझ्या आयुष्यात मी इतकी उपयोगी कधी पडले नव्हते, असं मला त्या दिवशी वाटलं. मी ते उघड कबूल करते, कारण पुढच्या चुकीत त्या वाटण्याचा हात होता.

दोन दिवसांनी ती म्हणाली, "म्याडम, अजून आठ काढा."

"आठ कशाला?"

"कौसाची कंबर, चंद्रकलाची कंबर, रुखमाची कंबर. सगळ्यांच्याच कमरा गेल्या. मी एकलीनंच बरं व्हायचं व्हय?"

मला त्या मुलीचं दारातलं वाक्य आठवलं का? आठवलं. पण व्यायामानं काय बिघडणार, ही काही गोळी नाही, असं मी मनाशी म्हटलं. स्टँडजवळच्या दुकानात जाऊन आठ झेरॉक्स काढल्या. झेरॉक्समध्ये लाल टिंबं काळी आली.

रानात दुपारी भाकरी खाण्याआधी टोळी बाभळीच्या सावलीत ताडपत्री अंथरायची आणि नऊ बायका ओळीनं पाठीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यायच्या. आळीपाळीनं एकीनं उठून बांधावर उभं राहायचं, कुणी पुरुष येत असला तर खोकायचं. एका सुट्टीच्या दिवशी मी गेले होते. असा हशा, अशी धमाल, की कौसाला दोनदा खोटाच खोकला येऊन सगळ्या ताडकन उठून बसल्या. मुकादमीण मधोमध झोपून मोजत होती.

टोळीत चंद्रकला सगळ्यांत लहान, तिशीची. तिची कळ कमरेतून एका पायात, टाचेपर्यंत जायची. तिला वाकल्यावरच जास्त दुखायचं, हे कुणी तिला विचारलं नव्हतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ती म्हणाली, "आत्या, मला तर लई कळ येऊन राह्यली."

"मलाबी पयल्यांदा आल्ती," गयाआत्या म्हणाली. "सोडू नको. धर अजून दहा."

चंद्रकलानं धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ नावांतलं एक नाव दारात आलं नाही. तिला अंथरुणातून उठताच येत नव्हतं, डाव्या पायाचं पाऊल लुळं पडलेलं. टेम्पोत गादी टाकून तिला परतूरला आणि तिथून जालन्याला नेलं. मणक्यातली गादी सरकून शिरेवर आली होती. तिचं दुखणं वेगळं होतं. जे आत्याला सैल करायचं तेच तिला आवळत होतं. तिला लागू होते ते व्यायाम नेमके उलटे, पालथं झोपून छाती उचलायचे. बाहेरून बघितलं तर दोघींचीही कंबरच दुखत होती.

डॉक्टर गयाआत्याला म्हणाले, "गादी आधीच फाटत आली होती. हे आज ना उद्या झालंच असतं, आजी."

"झालं असतं," ती म्हणाली. "पन उद्या झालं असतं तर माझ्या तोंडून झालं नसतं."

परत आल्यावर तिनं घरोघर जाऊन आठही झेरॉक्स गोळा केल्या. स्वतःच्या भिंतीवरची पानं काढली. सगळी घडी करून माझ्या हातात दिली. मी म्हणाले, "आत्या, यात चूक माझी आहे. मला सांगितलं होतं. मी बोलले नाही."

 रागावेल असं वाटलं होतं, रागावली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही कागद दिला," ती म्हणाली. "ती म्हनली कळ येती, तवा म्या म्हनलं, धर अजून दहा. चंद्रकलाचा पाय पयल्यावानी उचलंस्तोवर मी माझा पाय उचलनार न्हाई."

मला आधी हा हट्ट चार दिवसांचा वाटला. तो शब्द होता, आणि गयाआत्या दिलेला शब्द मोडत नसे. मी सगळं करून पाहिलं. त्या व्यायामवाल्या मुलीला फोनवर बोलायला लावलं. आत्यानं ऐकून घेतलं आणि "बराबर हाय बाई तुमचं" म्हणून फोन मला परत दिला. दोन्ही मुलींना बोलावून घेतलं. त्या रडल्या, भांडल्या, गेल्या. एकदा मी भयंकर चिडले. म्हणाले, "तुम्ही व्यायाम सोडल्यानं तिची शीर मोकळी होणार आहे का?" ती म्हणाली, "न्हाई व्हनार." 

दोन महिन्यांनी चंद्रकला हिंडू-फिरू लागली. ऑपरेशनची वेळ आली नाही. पण डाव्या पायाचा अंगठा पूर्ण वर येत नव्हता, आणि डॉक्टरांनी खासगीत तिच्या नवऱ्याला सांगितलं होतं की बहुतेक एवढंच राहील. गयाआत्याचा हट्ट तिच्या कानावर होता. एक दिवस ती मुद्दाम आमच्या गल्लीत आली. मी दारातच होते. गल्लीच्या तोंडापासून ती पाय नीट उचलून टाकत, एकेक पाऊल जपत आली आणि ओट्यासमोर हसत उभी राहिली.

"बघा आत्या. झालं चांगलं. आता करा सुरू."

गयाआत्यानं तिला जवळ बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाली, "चप्पल दे."

"कशापायी?"

"दे तर."

तिनं डावी चप्पल उलटी-सुलटी करून पाहिली. उजवीला काही नव्हतं; डावीचं पुढचं टोक रस्त्याला घासून घासून अर्धं झिजलं होतं. आत्यानं ती चप्पल तिच्या पायात स्वतःच्या हातानं घातली. "जा घरी. ऊन व्हईल."

त्यानंतर मी उरलेलं वर्षभर नुसती बघत होते. आधी पूल गेला. मग देऊळ गेलं. टोळी रस्त्यात तिच्यासाठी थांबायची, बायका डबे घेऊन ताटकळत उभ्या, आणि ती खाली बसलेली. एका सकाळी तिनं नावं घेतलीच नाहीत. मी चमकून जागी झाले तर सात वाजून गेले होते. टोळी दोन-तीन दिवस दारात येऊन गेली, मग दुसऱ्या मुकादमिणीकडे गेली. गिरणीही गेली. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी या वेळी ऑपरेशनचं काढलं. ती स्टुलावरून उठून दारात जाऊन उभी राहिली. मग माझी बदली झाली. निरोप घेताना मी घडी घातलेली ती पानं तिच्या उशाखाली ठेवून आले. मुलीनं मागाहून फोनवर सांगितलं, आईनं ती चुलीत घातली.

जवळजवळ दीड वर्षानं, शाळेचे काही जुने कागद आणायला आष्टीला गेले. काम झाल्यावर जुन्या गल्लीत वळले. दुपारची वेळ. गयाआत्याचं दार नुसतं लोटलेलं होतं, आतून मोजण्याचा आवाज येत होता. माझ्या काळजात लख्ख उजाडलं. मी दार ढकललं.

मोजत होती चंद्रकला. आत्या सतरंजीवर पाठीवर झोपलेली. पाय किती बारीक झाले होते, ते मी शब्दांत सांगणार नाही. चंद्रकला तिच्या पायाशी गुडघ्यांवर, स्वतःची कंबर ताठ ठेवून बसली होती. तिनं दोन्ही टाचा तळहातांत धरून आत्याचे गुडघे हळूहळू पोटाशी नेले, दहा मोजले, परत आणले.

"रोज येती," आत्या मला बघून म्हणाली. आवाज पहिला नव्हता. "मी पाय उचलत न्हाई म्याडम. तीच उचलून राह्यली."

"मी म्हनलं, शब्द तुमचा हाय, माझा न्हाई," चंद्रकला म्हणाली आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली. जमिनीवर तिच्या डाव्या पायाचा अंगठा घासत गेल्याचा बारीकसा आवाज झाला.

मी आत्याजवळ खाली बसले. "फरक पडतोय का?"

तिनं आतल्या दाराकडे बघितलं, मग हळूच बोलली, "मला कशाचा पडतो आता? पावलं दगड झाली. हात लावलेलाबी कळत न्हाई."

"मग?"

"तिला फरक पडून राह्यला. आता नीट जेवती. हसती. करू दे."

चहा घेऊन मी उठले. ओट्याच्या पायऱ्या उतरून मागे पाहिलं तेव्हा दार अर्धवट उघडं होतं. चंद्रकला पुन्हा मोजायला बसली होती, प्रत्येक आकडा मन लावून. आणि गयाआत्या, जिला स्वतःची पावलं कळत नव्हती, दर दहाला कळ आल्यासारखं तोंड करत होती आणि मग, तिला ऐकू जाईल असं म्हणत होती, "हां, आता बरं वाटलं."